परदेशी कंपनीकडून तेल ब्लॉकमधील हिस्सा विकत घेताना: कराच्या बाजूचा आमचा अनुभव

तेलविहिरींसाठी लागणारे व्हॉल्व्ह आणि जोडणीचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे आणि तिचा वित्त विभाग मी सांभाळते. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या कंपनीने गुजरातमधील खंबात खोऱ्यातल्या एका लहान तेल-वायू ब्लॉकमधील, म्हणजे तेल-वायू शोधण्यासाठी व काढण्यासाठी आखून दिलेल्या क्षेत्रातील, अल्प हिस्सा एका परदेशी कंपनीकडून विकत घेतला. बोलणी सुरू झाल्यापासून व्यवहार पुरा होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. या काळातली माझी बहुतेक मेहनत एकाच प्रश्नावर खर्च झाली: परदेशी विक्रेत्याला होणाऱ्या लाभावर भारतात कर किती, आणि तो कोणी, केव्हा, कोणत्या रकमेतून भरायचा. वाचायला बसले की अब्जावधी डॉलरचे खटले सापडत, पण जिल्ह्याच्या गावी बसून हे काम करणाऱ्या माणसाने कोणत्या क्रमाने जावे हे कुठे लिहिलेले आढळले नाही, म्हणून हा लेख. विक्रेत्याचे नाव, ब्लॉक आणि खरी किंमत गोपनीयतेच्या अटीमुळे देता येत नाही. खालच्या हिशेबातील आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.

जून २०२४ मध्ये प्रस्ताव आला. आम्हा सगळ्यांना सर्वांत आधी समजून घ्यावे लागले ते हे, की ब्लॉक कोणाच्या मालकीचा नसतो. जमिनीखालचे तेल सरकारचे असते, आमच्या ब्लॉकसारख्या ठिकाणी कंपन्यांनी सरकारशी उत्पादन वाटणीचा करार केलेला असतो आणि त्या करारातल्या हक्कांचा व जबाबदाऱ्यांचा जो टक्का प्रत्येक कंपनीकडे असतो त्याला या धंद्यात ‘पार्टिसिपेटिंग इंटरेस्ट’ किंवा नुसते ‘पीआय’ म्हणतात. तो विकायचा म्हणजे करारातली आपली जागा दुसऱ्याच्या नावे करून द्यायची. त्यासाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते आणि तो अर्ज हायड्रोकार्बन महासंचालनालयामार्फत जातो. शिवाय भागीदार कंपन्यांच्या आपसातील संयुक्त करारात बहुधा अशी तरतूद असते की हिस्सा बाहेरच्याला विकण्याआधी तो त्याच अटींवर भागीदारांना देऊ करावा. आमच्या व्यवहारात ही तरतूद होती, त्यामुळे भागीदारांचा नकार लेखी मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडला.

मधल्या काळात, २३ जुलै २०२४ रोजी, अर्थसंकल्प मांडला गेला आणि आमचे जूनमधले सगळे तक्ते नव्याने करावे लागले. परदेशी कंपनीच्या सर्वसाधारण उत्पन्नावरचा कर ४० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आला आणि दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा दर त्याच तारखेपासूनच्या हस्तांतरणांना १२.५ टक्के झाला. उत्पन्न १० कोटींच्या वर असेल तर ५ टक्के अधिभार आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून हे दर अनुक्रमे ३८.२२ आणि १३.६५ टक्के होतात. एकाच व्यवहारातील एखादी रक्कम या दोनांपैकी कोणत्या खान्यात पडते, यावर किती पैसा हलतो हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

संचालक मंडळाच्या बैठकीत आमच्या ज्येष्ठ संचालकांनी, ज्यांना कंपनीत सगळेच अण्णा म्हणतात, सरळ विचारले, “मॅडम, नफा त्यांना होणार, कर त्यांचा. मग आपण एवढे वाचन कशासाठी करतोय? किंमत मोजावी आणि मोकळे व्हावे.” प्रश्न रास्त होता आणि प्रत्येक खरेदीदाराच्या मनात तो येतोच. मी म्हटले, “अण्णा, कर त्यांचाच आहे, पण सरकार तो आपल्याकडून मागणार आहे.” तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम १९५ प्रमाणे अनिवासी व्यक्तीला भारतात करपात्र असलेली रक्कम देणाऱ्याने, ती खात्यावर जमा दाखवताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कर कापायचा असतो. न कापल्यास कलम २०१ खाली देणाराच कसूरदार ठरतो आणि त्याच्याकडून कर व दरमहा १ टक्का व्याज वसूल होते. कापला पण भरला नाही तर व्याज दीड टक्का. आमच्या विक्रेत्याची भारतातली एकमेव मालमत्ता हा हिस्साच होता. तो विकून पैसे परदेशात गेल्यावर वसुलीसाठी इथे जो कोणी उरणार होता तो म्हणजे सातपूरची आमची कंपनी.

त्या बैठकीत मी युगांडाचे उदाहरण सविस्तर सांगितले. ज्यांना खरेदीदाराची जोखीम समजून घ्यायची आहे त्यांनी ते अवश्य अभ्यासावे. २०१० मध्ये हेरिटेज ऑइल या कंपनीने अल्बर्ट सरोवराच्या परिसरातील दोन ब्लॉकमधला आपला हिस्सा टलो या कंपनीला सुमारे १.४५ अब्ज डॉलरला विकला. युगांडाच्या महसूल प्राधिकरणाने या विक्रीवर सुमारे ४०.५ कोटी डॉलरचा कर मागितला. हेरिटेजचे म्हणणे होते की कर लागतच नाही. वाद चालू असताना त्यातले सुमारे १२.१ कोटी डॉलर प्राधिकरणाकडे भरले गेले आणि उरलेले सुमारे २८.३ कोटी डॉलर लंडनमध्ये एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात, ठेवले गेले. पण प्राधिकरणाने खरेदीदार टलोला विक्रेत्याचा प्रतिनिधी मानून नोटीस दिली आणि एप्रिल २०११ मध्ये टलोला सुमारे ३१.३ कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागले. ते परत मिळवण्यासाठी तिला हेरिटेजविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात जावे लागले आणि जून २०१३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. टलोचे पैसे परत मिळण्याची वाट उघडली ती तिच्या करारात विक्रेत्याने करभार उचलण्याचे कलम होते म्हणून. अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि दोन वर्षे खटला लढण्याची आपली ऐपत आहे का, एवढेच विचारले. त्या दिवशी मंडळाने ठराव केला की कराचा प्रश्न लेखी सुटल्याखेरीज पैसे पाठवायचे नाहीत.

सप्टेंबरमध्ये विक्रेत्याच्या सल्लागारांनी दुसरी वाट सुचवली. हिस्सा विकण्याऐवजी तो धारण करणाऱ्या परदेशी उपकंपनीचे शेअर्स आम्ही घ्यावेत, म्हणजे भारतात काहीच विकले गेले नाही असे होईल, असा त्यांचा विचार होता. हा मुद्दा आपल्याकडे फार गाजलेला आहे. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशातील शेअर्सच्या अशा व्यवहारावर भारतात कर लागत नाही असा व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला, आणि पुढे केर्न एनर्जीच्या २००६ च्या अंतर्गत फेररचनेवर सुमारे १०,२४७ कोटी रुपयांची मागणी निघाली. केर्नने आंतरराष्ट्रीय लवादात डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा मिळवला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने ती पूर्वलक्षी आकारणी मागे घेतली. यावरून अनेकांचा समज झाला आहे की परदेशातील शेअर्सच्या विक्रीवर आता भारतात कर नाही. तो समज चुकीचा आहे. मागे घेतली गेली ती २८ मे २०१२ पूर्वीच्या व्यवहारांवरील आकारणी. त्यानंतरच्या व्यवहारांत परदेशी कंपनीच्या भारतातील मालमत्तेचे मूल्य १० कोटींपेक्षा अधिक आणि तिच्या एकूण मालमत्तेच्या निम्मे किंवा त्याहून जास्त असेल, तर तिचे शेअर्स भारतात असल्याचे मानले जाते. त्या उपकंपनीकडे या ब्लॉकखेरीज काहीच नव्हते. म्हणजे कर टळणार नव्हताच, उलट तिच्या जुन्या सगळ्या देण्यांसकट ती आमच्या गळ्यात पडली असती. आम्ही नकार कळवला.

यानंतर करारातील कराच्या कलमांवर जी घासाघीस झाली तिला पूर्ण दीड महिना लागला, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला तोच सर्वांत सत्कारणी लागलेला वेळ होता. पहिल्या मसुद्यात लिहिले होते की ठरलेली किंमत विक्रेत्याला सर्व भारतीय करांनंतर निव्वळ मिळावी. वाक्य निरुपद्रवी दिसते, पण कलम १९५-ए खाली अशा वेळी निव्वळ रकमेत कर मिळवून ढोबळ रक्कम काढावी लागते आणि विक्रेत्याचा सगळा कर खरेदीदाराच्या माथी येतो. ते आम्ही काढायला लावले. दुसरा मुद्दा इसाऱ्याचा होता. सही करतानाच किंमतीचा काही भाग रोख द्यावा असा त्यांचा आग्रह होता, पण ती रक्कम ‘दिलेली’ मानली गेली तर करकपातीची वेळ त्याच दिवशी येते आणि तोवर कमी दराने कर कापण्याचा आयकर खात्याचा दाखला हाती नसतो. म्हणून आम्ही रोख रकमेऐवजी बँक गॅरंटी दिली.

तिसरा मुद्दा तारखांचा. या व्यवहारांत दोन तारखा असतात: ज्या तारखेपासून नफा-तोटा खरेदीदाराचा मानला जातो ती परिणाम तारीख, आणि संमती आल्यावर प्रत्यक्ष व्यवहार पुरा होतो ती. मधल्या महिन्यांत ब्लॉक चालवणारी ऑपरेटर कंपनी भागीदारांकडून खर्चाची रक्कम मागत राहते, ज्याला ‘कॅश कॉल’ म्हणतात. तो विक्रेता भरतो आणि शेवटी खरेदीदार त्याला परत देतो. ही परतफेड किंमतीचा भाग की निव्वळ खर्चाची भरपाई, यावर दोन्ही बाजूंच्या सल्लागारांचे एकमत झाले नाही. आम्ही सावधपणे ती मोबदल्यातच धरली आणि विक्रेत्याच्या खर्चाच्या बाजूलाही ती दाखवली, जेणेकरून हिशेबात तिचा दोन्हीकडे मेळ बसेल. विहिरी कायमच्या बंद करून जागा पूर्ववत करण्याची जबाबदारी आमच्याकडे येणार होती, तिचेही मूल्य वेगळे लिहून घेतले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, दिवाळीच्या तोंडावर, सशर्त करारावर सह्या झाल्या.

आता मुख्य हिशेब. तेल-वायूच्या शोधकार्याला आयकर कायद्यात कलम ४२ ची स्वतंत्र व्यवस्था आहे. सरकारशी झालेला आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवलेला करार ज्या वजावटी देतो त्या या कलमाखाली मिळतात, आणि हिस्सा विकला की पोटकलम २ लागू होते. उदाहरणार्थ, विक्रेत्याने ब्लॉकवर एकूण ४० कोटी खर्च केले, त्यांपैकी २५ कोटींची वजावट आधीच्या वर्षांत मिळाली आणि १५ कोटी वजा व्हायचे राहिले, असे समजू. हिस्सा १२ कोटींना विकला तर उरलेले ३ कोटी त्याला वजावट म्हणून मिळतात. ३६ कोटींना विकला तर १५ कोटींच्या वरचे २१ कोटी धंद्याचे उत्पन्न ठरतात. ४८ कोटींना विकला तर वरच्या ३३ कोटींपैकी आधी वजावट घेतलेल्या २५ कोटींपुरतेच धंद्याचे उत्पन्न होते आणि मूळ खर्चाच्या वरचे ८ कोटी भांडवली नफ्याकडे वळतात. ३६ कोटींच्या उदाहरणात कर २१ कोटींवर, म्हणजे सुमारे ८.०३ कोटी येतो. दाखला न घेता संपूर्ण किंमतीवर कापायचा म्हटले तर तोच आकडा १३.७६ कोटी होतो. हा साडेपाच कोटींहून मोठा फरक विक्रेत्याला दाखवला तेव्हाच दाखल्याच्या अर्जासाठी त्याचे पूर्ण सहकार्य मिळाले. जाता जाता, कलम ४४बीबी मधील १० टक्के अंदाजित नफ्याची सवलत तेलक्षेत्राला सेवा व यंत्रे पुरवणाऱ्यांसाठी आहे. हिस्सा विकण्याशी तिचा संबंध नाही, तरी चर्चेत ती वारंवार मध्ये येते.

सूत्र सोपे आहे, पण त्यातला ‘१५ कोटी’ हा आकडा शोधणे अवघड. ऑपरेटरकडे प्रत्येक भागीदाराच्या खर्चाचे लेखापरीक्षित हिशेब होते, पण ते डॉलरमध्ये आणि उत्पादन वाटणीच्या करारातील पद्धतीने लिहिलेले. त्या करारात खर्च तेलाच्या उत्पन्नातून वसूल होतो, ज्याला ‘कॉस्ट पेट्रोलियम’ म्हणतात. ती वसुली आणि आयकरातील वजावट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा खर्च तेलातून वसूल व्हायचा बाकी असतो, पण आयकरात तो केव्हाच वजा झालेला असतो. म्हणून विक्रेत्याची प्रत्येक वर्षाची विवरणपत्रे, कर निर्धारणाचे आदेश आणि अपिलांचे निकाल मागवून रुपयांतला वर्षवार तक्ता बनवावा लागला. माझ्यासोबत आर्टिकलशिप करणारी एक मुलगी होती. तिने डिसेंबरभर हे काम ज्या चिकाटीने केले त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोणी असा व्यवहार करणार असेल तर माझी विनंती आहे की हा तक्ता किंमत ठरण्याआधीच मागावा.

विक्रेत्याने दोन देशांमधील दुहेरी कर टाळण्याच्या करारनाम्याचाही आधार घेऊन पाहिला. परंतु भारताच्या बहुतेक अशा करारनाम्यांत स्थावर मालमत्तेच्या व्याख्येत खनिजसाठे खणण्याचा हक्क येतो आणि तेलाची विहीर हे कायम आस्थापन मानले जाते, त्यामुळे कर घेण्याचा पहिला हक्क ज्या देशात विहीर आहे त्या देशाचा राहतो. हा मुद्दा एका पत्रात मिटला.

कमी दराने कपातीचा दाखला कलम १९७ खाली विक्रेत्याने मागायचा असतो. तो अर्ज म्हणजे फॉर्म १३, तो आयकर खात्याच्या ट्रेसेस संकेतस्थळावर भरतात आणि त्यात खरेदीदाराचा टॅन, म्हणजे करकपातीचा खाते क्रमांक, द्यावा लागतो. शासकीय शुल्क काही नाही. जानेवारी २०२५ मध्ये अर्ज गेला. विक्रेत्याचे अधिकारक्षेत्र मुंबईत असल्याने त्यांच्या सल्लागारांसोबत बसण्यासाठी मी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परतत असे. अधिकाऱ्यांनी विचारलेले प्रश्न नेमके होते: वजावटीचा वर्षवार तक्ता, कॅश कॉलची परतफेड, जागा पूर्ववत करण्याच्या जबाबदारीचे मूल्य, आणि जुनी थकबाकी. ज्या मुद्द्यांवर आम्ही करारात आधीच लिहून ठेवले होते त्यांची उत्तरे कराराचे पान जोडून देता आली. फेब्रुवारीच्या शेवटी दाखला मिळाला.

आणि इथे सर्वांत मनस्ताप देणारा भाग सुरू झाला. दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच असतो, आणि सरकारची संमती ३१ मार्चपर्यंत आली नाही. विक्रेत्याकडून रोज विचारणा होई की जुन्या दाखल्यावर मार्चमध्येच पैसे का देत नाही. पण संमतीआधी पैसे देणे म्हणजे हिस्सा हाती नसताना किंमत मोजणे. आम्ही थांबलो. एप्रिलमध्ये नवा अर्ज करावा लागला. कागद तयार असल्याने या वेळी विचारणा कमी झाली, तरी वाट पाहण्याचे ते दिवस मला फार जड गेले, कारण शेकडो कामगारांच्या कंपनीची बँक गॅरंटी अडकून पडली होती आणि तिचे शुल्क दर तिमाहीला भरावे लागत होते. जूनमध्ये दुसरा दाखला आला आणि जुलैच्या अखेरीस सरकारची संमती. आता पुन्हा करावे लागले तर संमतीचा अंदाज येईपर्यंत फॉर्म १३ रोखून धरावा असेच मी सुचवेन, विशेषतः जानेवारीनंतर.

गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात व्यवहार पुरा झाला. किंमत डॉलरमध्ये असल्याने कराचे रुपयांतील रूपांतर नियम २६ प्रमाणे कपातीच्या दिवशीच्या स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने, म्हणजे बँक परकीय चलन ज्या दराने विकत घेते त्या दराने, केले. आदल्या दिवशीचा किंवा आपल्या बँकेने लावलेला दर चालत नाही, म्हणून त्या दिवसाच्या दरपत्रकाची प्रत फायलीत ठेवावी. कलम १९७ चा दाखला असल्यावर परदेशी पैसे पाठवण्याच्या फॉर्म १५सीए चा भाग ब भरायचा असतो आणि सनदी लेखापालाचे १५सीबी प्रमाणपत्र लागत नाही. आमच्या बँकेच्या शाखेने ते तरीही मागितले. नियमाची प्रत आणि दाखला पुढे ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी पैसे गेले. कर भरण्याची अंतिम तारीख ७ सप्टेंबर ही रविवारी आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी येत होती, त्यामुळे आम्ही चलन ऑगस्टमध्येच भरून टाकले. ३१ ऑक्टोबरच्या आत अनिवासींच्या करकपातीचे २७क्यू विवरणपत्र गेले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात विक्रेत्याला करकपातीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १६ए पाठवला.

खर्चाचे म्हणाल तर मुंबईच्या करसल्लागारांचे आणि वकिलांचे शुल्क काही लाखांत गेले, आणि त्याहून जास्त पैसे लांबलेल्या बँक गॅरंटीवर गेले. अंदाजपत्रकात हा दुसरा खर्च आवर्जून धरावा. आमचा सगळा व्यवहार १९६१ च्या कायद्याखाली झाला. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, तेव्हा वर दिलेले क्रमांक नव्या कायद्यातील तरतुदींशी जुळवून घ्यावेत.

विक्रेत्याचे या वर्षीचे विवरणपत्र अजून भरायचे आहे. दाखल्याच्या वेळी मान्य झालेला हिशेब अंतिम निर्धारणात बदलू शकतो, म्हणून किंमतीचा एक भाग कर कापून एस्क्रोमध्ये ठेवला आहे आणि तो विवरणपत्राची पोच व भरलेल्या कराचा तपशील आम्हाला मिळाल्यावरच सुटेल. निर्धारणात जादा कर निघाल्यास तो विक्रेत्याच्या मूळ कंपनीने भरून द्यायचा आहे. या हमीवर आम्ही उपकंपनीची नव्हे, मूळ कंपनीचीच सही घेतली आहे.